हरलेल्या मॅचेस

पांडबा वस्तादांनी दुखऱ्या गुडघ्यांपुढं हात टेकले, लेकीकडं सांगलीला राहायला जातो म्हणाले, आणि आमच्या पेठेला अन्न गोड लागेना.

नवा वस्ताद कोण? सलूनमध्ये हाच प्रश्न, दवाखान्यात हाच, लग्नाच्या पंगतीतही हाच. माझ्या सासूबाईंना ऑफसाइड म्हणजे काय हे आजवर पटलेलं नाही. त्यांनीसुद्धा मेथी निवडता निवडता आपलं मत देऊन टाकलं.

कोल्हापूरच्या बाहेरच्यांना थोडं सांगायला हवं. आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींचे असतात. आधी तांबड्या मातीत कुस्ती होती, मग त्याच पोरांनी संध्याकाळी मैदानात चेंडू लाथाडायला सुरुवात केली, आणि पुढं चेंडूनं कुस्तीला चितपट केलं. आता कुस्तीच्या मातीच्या हौद्यावर फळ्या टाकून वर व्यायामाची यंत्रं मांडली आहेत. पण नाव तालीमच राहिलं, आणि संघ सांभाळणाऱ्याला आम्ही अजूनही मॅनेजर म्हणत नाही, वस्ताद म्हणतो. आमची पिंपळकट्टा तालीम. तिकटी, म्हणजे तीन रस्ते मिळतात तो नाका, ओलांडली की बुरूज गल्ली तालीम. त्यांच्याविषयी मी काही बरं लिहिणार नाही, निदान सुरुवातीला तरी.

मी उज्ज्वला इंगवले. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. माहेर आणि सासर एकाच पेठेतलं, त्यामुळं लग्नात संघ बदलावा लागला नाही. माझ्या एका मैत्रिणीला बुरूज गल्लीत दिलं होतं. तिच्या वडिलांनी दोन हंगाम तिच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं.

संध्याकाळी कट्ट्यावर गवळी म्हशी घेऊन येतात, समोर धार काढून दुधाचा ग्लास हातात देतात, आणि दुधाच्या मिशा पुसत पुसत लोक वाद घालतात. त्या दिवसांत वादाला तीन नावं होती. पहिलं साव्हियो कुलासो, गोव्याचा. तिथल्या संघांना त्यानं वर आणलं होतं. त्याच्यावर आक्षेप असा की तांबडा रस्सा न झेपणारा माणूस आमच्या पोरांना काय झेपवणार. दुसरं नाव बुरूज गल्लीच्या वस्तादाचं, संपत वाईंगडेचं. ते ज्यानं उच्चारलं त्याला आठवडाभर कट्ट्यावर दूध मिळालं नाही, त्यामुळं ते नाव तिथंच संपलं. आणि तिसरं दिनकर चौगुले. म्हणजे माझा दादा.

दादा आमचा सेंटर हाफ, मग कॅप्टन, आणि पाय थकल्यावर पांडबांचा मदतनीस. बँकेत बढती मिळत होती, पण नाशिकला जावं लागलं असतं, म्हणून त्यानं ती घेतली नाही. गेल्या काही वर्षांत पांडबा खुर्चीतच बसून असत आणि गडी कधी बदलायचा, कुणाला आत घ्यायचं, हे दादाच ठरवायचा. बाकी दादा म्हणजे एकदा लावलेला खुंटा. न्हावी तोच, स्कूटर तीच, आणि मैदानावर उतरवलेला संघही शेवटपर्यंत तोच. "गड्यावर विश्वास टाकला की टाकला," असं तो म्हणायचा. घरी कॅरम बोर्डावर सोंगट्या मांडून तो संघ लावायचा. वहिनींनी त्या बोर्डावर कुणाला कधी कॅरम खेळू दिला नाही.

त्याला वस्ताद व्हायचं होतं. दुसरं काही त्यानं आयुष्यात मागितल्याचं मला आठवत नाही.

वाद मिटेना तेव्हा तालमीचे अध्यक्ष हिंदूराव मंडलिक म्हणाले, कौल लावू. हा कौल म्हणजे यंत्र. त्याचं खरं नाव काहीतरी लांबलचक होतं. पण देवाला पाकळ्या लावून प्रश्न विचारतात आणि कुठली पाकळी पडते त्यावर उत्तर ओळखतात, त्याला आमच्याकडं कौल लावणं म्हणतात. पेठेनं यंत्राला तेच नाव दिलं. देशातल्या मोठ्या क्लबांकडं ते होतंच. आता आमच्या कॉलेजात आलं होतं आणि ते चालवणारी मी होते.

ते कसं चालायचं ते सांगते. खेळाडू मॅचला छातीवर पातळ पट्टा बांधतात. नाडी, श्वास, किती पळाला, दमल्यावर कुठल्या पायावर भार देतो, बाकावरून वस्ताद ओरडला की पुढच्या काही क्षणांत त्याचं काय होतं, हे सगळं पट्टा टिपतो. ही माहिती आणि मॅचचं चित्रीकरण एकत्र केलं की यंत्र प्रत्येक खेळाडूची एक सावली तयार करतं. ही सावली त्या खेळाडूसारखीच दमते, चिडते, चुकते. वस्तादाचीही सावली बनते. हा माणूस गडी कधी बदलतो, हाफ टाइमला काय बोलतो, आणि त्यानंतर पोरं कशी खेळतात.

मग या सावल्या यंत्राच्या पोटात अख्खा हंगाम खेळतात. एकदा नाही, हजारो वेळा. दर वेळी काहीतरी थोडं वेगळं असतं, कधी चिखल, कधी वारा, कधी एखाद्याचा मुरगळलेला पाय. हवामानाचा अंदाज काढतात तो याच पद्धतीनं. दर शंभर हंगामांत ज्या वस्तादाच्या हाताखाली जास्त वेळा चषक आला, त्याला कौल मिळाला.

मी दादाला विचारलं, तुझी हरकत नाही ना. त्यानं कॅरमची एक सोंगटी सरकवली आणि म्हणाला, "लाव की. मला कशाचं भ्या?"

रविवारी तालमीत पडदा लावला. हिंदूरावांनी यंत्रासमोर नारळ फोडला, त्याचं पाणी जोडणीवर सांडू नये म्हणून मी मध्ये उभी राहिले. नियाजभाई अत्तारांनी आधीच तालमीकडच्या सगळ्या मॅचेस आणि पट्ट्यांची माहिती माझ्याकडं दिली होती. मॅचचं चित्रीकरण आमच्याकडं प्रत्येक तालीम आपलं आपण करते. शहराच्या लीगनं एकदा मैदानावर स्वतःचा कॅमेरा बसवायचं ठरवलं होतं, पण तो कुठल्या पेठेच्या बाजूला बसवायचा यावरून जे झालं त्यानंतर लीगनं तो विषय सोडला. आमचा कॅमेरा नियाजभाईंचा, त्यांच्या वडिलांपासूनचा मान.

आकडे आले. साव्हियो कुलासो, शंभरात चौतीस. दिनकर चौगुले, शंभरात एक्क्याण्णव.

पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. हलगी कुठून आली, गुलाल कुणी आणला, देव जाणे. दादाला पोरांनी खांद्यावर घेतलं. त्याचे डोळे भरले होते आणि गुलालामुळं त्याला ते पुसताही येत नव्हते. वहिनी तालमीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. पुढच्या रविवारच्या सभेत नेमणूक जाहीर व्हायची होती, पण पेठेच्या लेखी ती त्याच दिवशी झाली. दुसऱ्या दिवशी पाठीवर 'वस्ताद' असं लिहिलेला ट्रॅकसूट शिवूनसुद्धा आला.

मी मात्र घरी आले ती एक्क्याण्णवचा आकडा डोक्यात घेऊन. फुटबॉल हा असा खेळ आहे की मैदानात कुत्रं शिरलं तरी निकाल फिरतो. शंभरात साठ मिळाले तरी लोक यंत्राच्या पाया पडतात. एक्क्याण्णव आले कुठून?

सोमवारी कॉलेजात जाऊन मी यंत्रानं खेळलेले हंगाम उघडून बघितले. दादाच्या हाताखालची आमची पोरं त्यात जवळजवळ हरतच नव्हती. एक गोल मागं पडली तरी दमत नव्हती, गांगरत नव्हती. माना खाली घालून बाहेर येणारी आमची पोरं मी लहानपणापासून बघितली आहेत. ही पोरं ती नव्हती. या सावल्यांना पराभव म्हणजे काय तेच माहीत नव्हतं.

मग लख्ख प्रकाश पडला, आणि मी खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

तालमीत हरलेली मॅच ठेवत नाहीत. ही आमची रीत आहे. हरून आलं की उंबऱ्याबाहेरच्या नळावर सगळ्यांनी पाय धुवायचे, आणि उंबरा ओलांडण्याआधी त्या मॅचचं चित्रीकरण पुसून टाकायचं. नियाजभाईंच्या वडिलांच्या काळात फिती होत्या तेव्हा फीत ओढून काढून चौकात जाळायचे. आता एक बटण दाबतात आणि मॅचबरोबर पट्ट्यांची माहितीही जाते. लोक आपापल्या फोनमधलंही पुसतात. हार घरात घ्यायची नाही, एवढंच त्यामागचं कारण. मला हे माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी 'पुसा, पुसा' म्हणून ओरडणाऱ्यांत मी सगळ्यात पुढं असायची.

आणि हीच बाई वर्गात काय शिकवते, तर जे मोजायला उरलं तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. माझं नेहमीचं उदाहरण आहे. कट्ट्यावरचे सगळे म्हातारे तंबाखू खातात, म्हणून तंबाखूनं आयुष्य वाढतं असं म्हणायचं का? तंबाखूनं जे गेले ते कट्ट्यावर मोजायला येत नाहीत. मुलं हसतात, वहीत लिहून घेतात, आणि मी पुढच्या धड्याकडं वळते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

यंत्राला आम्ही फक्त जिंकलेल्या मॅचेस दाखवल्या होत्या. त्या मॅचेसमध्ये दादा गडी बदलत नाही आणि आपण जिंकतो. म्हणून यंत्र शिकलं की गडी न बदलणारा वस्ताद जिंकून देतो. गोव्याच्या लीगमध्ये प्रत्येक मॅच जपून ठेवतात, त्यामुळं साव्हियोचे सगळे पराभव यंत्रानं मोजले. दादाचा एकही नाही.

नियाजभाईंना मी फोन करून विचारलं, एखादी तरी हरलेली मॅच राहिली असेल का. ते दुखावले. म्हणाले, "उज्ज्वलाताई, माझ्या हातनं एवढी मोठी चूक हुईल व्हय?"

संध्याकाळी दादाकडं गेले. वहिनी नव्या ट्रॅकसूटला इस्त्री करत होत्या. दादा कॅरम बोर्डापाशी बसला होता, आणि मला बघून त्यानं पुढच्या हंगामाचा संघ समजावून सांगायला सुरुवात केली. मी त्याला बोलू दिलं. मग सगळं सांगितलं. तंबाखूचं उदाहरणही दिलं, ते द्यायला नको होतं.

वहिनींची इस्त्री थांबली.

दादानं मांडलेल्या सोंगट्या एकत्र गोळा केल्या. मग म्हणाला, "म्हंजे मी वस्ताद व्हायच्या लायकीचा न्हाई."

"तसं मी म्हटलं नाही. यंत्राला अजून काहीच माहीत नाही, एवढंच म्हणते."

"मग गप बस की. आठवडाभराचा तर प्रश्न हाय. तू भन हाईस माझी, उजे. एक रविवार गप बसता येत न्हाई तुला?"

मी म्हणाले, तू पुन्हा एकदा सांगितलंस तर बसेन. हे मी मनापासून बोलले होते. माझ्या भावाला वस्ताद झालेलं बघायची मला त्याच्यापेक्षा जास्त घाई होती, आणि त्याच्या भरल्या ताटात माती कालवणारी मीच होते. त्या वेळी मला त्या यंत्राचा, माझ्या डिग्रीचा आणि संख्याशास्त्राचा मनस्वी राग आला. दादानं 'बस गप' असंही म्हटलं नाही आणि 'बोल' असंही म्हटलं नाही. उठून आत गेला. पुढं दोन दिवस रस्त्यात दिसला तरी त्यानं मान वर केली नाही.

गुरुवारी माझा तास संपला तेव्हा कॉलेजच्या फाटकाशी त्याची स्कूटर उभी होती. दाढी केलेली नव्हती.

"बस मागं," तो म्हणाला.

कुठं जायचं ते सांगितलं नाही. तिकटी आली, आणि एरवी जिथं तो डावीकडं वळतो तिथं सरळ गेला. बुरूज गल्लीत. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, काय चाललंय. तो मागं न बघता म्हणाला, "आपल्या हरलेल्या मॅचा आपल्याकडं न्हाईत. पण ज्यानं हरवलं त्येच्याकडं असत्यालच की. ते कशाला पुसतील?"

खरंच, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी त्याला विचारलं, तुला गप्प बसायचं होतं ना. तो म्हणाला, "बसलो असतो. पण दर मॅचला वाटत ऱ्हाईल, कौल खोटा हुता म्हणून."

बुरूज गल्लीच्या तालमीत पिंपळकट्ट्याचं माणूस पाहुणा म्हणून कधी गेलं असेल तर ते माझ्या जन्माच्या आधी. आत पोरं व्यायाम करत होती, ती जागच्या जागी थांबली. संपत वाईंगडे बाहेर आला. हा त्यांचा वस्ताद, एके काळचा सेंटर फॉरवर्ड. दादा आणि तो एकमेकांच्या नडग्या फोडत मोठे झाले. दादानं काय हवंय ते उभ्या उभ्याच सांगितलं. संपत आधी त्याच्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं, मग हसत सुटला. म्हणाला, तुमच्या हरलेल्या मॅचा आम्ही दिवाळीला फराळ करताना लावतो, पोरांना लई आवडतात. मग एकदम हसू आवरून त्यानं विचारलं, "आणि आमच्या? आमच्या हरलेल्या तुमच्याकडं हाईत?"

"तुम्ही बी पुसता?" दादानं विचारलं.

"मग काय पूजा करायची?"

सौदा तिथंच ठरला. आमच्या हरलेल्या त्यांनी आम्हाला द्यायच्या, त्यांच्या हरलेल्या आम्ही त्यांना, पट्ट्यांच्या माहितीसकट. त्यांच्याकडं त्यांच्या पोरांच्या पट्ट्यांची माहिती असणार, आमच्या नव्हे, पण चित्रीकरणावरून यंत्राला आमच्या पोरांचा दम, चाल, चुका बऱ्याच कळणार होत्या. ते झाल्यावर मग चहा आला.

संपतनं कौतुकानं सगळ्यात आधी गेल्या वर्षीची फायनल लावली. त्यांचा कॅमेरा त्यांच्या बाकाशेजारी होता, म्हणून त्यात मैदानाबरोबर बाकावरचं बोलणंही होतं. हाफ टाइमनंतर आमचा लेफ्ट बॅक ओंकार नेजदार दमलेला स्पष्ट दिसत होता. आणि संपतचा आवाज आला, त्या मॅचमधला, खणखणीत. "त्येंच्या डावीकडनंच घाला. त्येचा लेफ्ट बॅक संपलाय. दिनकर काय गडी बदलत न्हाई, मरंपत्तूर ठिवतोय. डावीकडनंच."

समोर बसलेला संपत ओशाळला. आवाज कमी करायला तो पुढं झाला.

"ऱ्हाऊ दे," दादा म्हणाला. "वाढीव जरा."

आम्ही ती मॅच शेवटपर्यंत बघितली. बुरूजचे दोन्ही गोल ओंकारच्या बाजूनं झाले. पहिल्या गोलनंतर ओंकार गुडघ्यांवर हात ठेवून वाकला आणि त्यानं मान वळवून आमच्या बाकाकडं बघितलं. समोर दादा हाताची घडी घालून उभा होता. थोड्या वेळानं पुन्हा बघितलं. दादा तसाच. संपतनं दादापुढं चहाचा दुसरा कप सरकवला, आणि बुरूज गल्लीविषयी बरं काही लिहायचं नाही हा माझा निश्चय तिथं मोडला.

परत येताना तिकटीवर दादानं स्कूटर कडेला घेतली.

"ते पोरगं माझ्याकडं बघत हुतं, उजे," तो म्हणाला. "त्या दिवशी बी मला दिसलं हुतं. मला वाटलं, म्हणतंय, मी हाय, काळजी करू नका."

मला रडू आलं. त्याला नाही आलं. त्यानं स्कूटर सुरू केली.

बुरूजनं दार उघडल्याची बातमी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गावभर झाली आणि बाकीच्या तालमींकडूनही मॅचेस आल्या. काहींनी आमच्या पराभवाबरोबर हसऱ्या तोंडांची चित्रंही पाठवली. शनिवारी मी दुसरा कौल लावला. पराभव कळल्यावर यंत्र शहाणं झालं होतं. आता सावल्या दमत होत्या, गांगरत होत्या, बाकाकडं बघत होत्या. साव्हियो शंभरात एकतीस. दादा शंभरात सतरा.

दादाला फोनवर आकडे सांगितले. तो म्हणाला, "बरं."

मला मात्र एक गोष्ट सुटत नव्हती. यंत्रातल्या दादानं ती फायनल बघितलेली नव्हती. सावली बनली ती कालपरवापर्यंतच्या दिनकर चौगुलेची. बुरूज गल्लीतून परत आलेला माणूस तोच होता का? यंत्र हे सांगू शकत नव्हतं. माणूस आपल्याच चुकीकडं बघत बसल्यावर पुढं काय करतो, याची माहिती आमच्या तालमीनं कधी साठवलीच नव्हती.

रविवारी सभेत मी दोन्ही कौल मांडले आणि हेही सांगितलं. एकच गलका झाला. हिंदूराव म्हणाले, पहिल्या कौलावर गुलाल पडलाय, पडलेला गुलाल परत घेता येत नाही. मागून एकजण म्हणाला, "हरलेला कौल हाय, पुसून टाका की." आणि खरं सांगते, निम्म्या सभेनं माना डोलावल्या. नियाजभाई सवयीनं उठलेसुद्धा.

तेव्हा दादा उभा राहिला. नवा ट्रॅकसूट त्यानं घातला नव्हता.

"उज्ज्वला म्हणती, यंत्राला आजचा दिनकर ठावं न्हाई. हे भनीचं बोलणं झालं. मला बी आजचा दिनकर अजून ठावं न्हाई." त्यानं नियाजभाईंना बसायची खूण केली. "मी समद्या मॅचा बघितल्या. आपुन जिथं जिथं हरलो, तिथं तिथं एक दमलेला गडी हाय आणि मी हाताची घडी घालून हाय. गोव्याच्या माणसाला बोलवा. मी त्येच्या हाताखाली ऱ्हातो. गडी कवा बदलायचा तेवढं शिकतो."

तालमीच्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्या वळून घरी गेल्या. मीही मागोमाग गेले. त्यांनी तो ट्रॅकसूट घडी करून कपाटात ठेवला, वर एक चादर टाकली आणि मला म्हणाल्या, चहा घेणार का. मी त्यांच्या गळ्यात पडले. माझ्यामुळं झालं हे, म्हणाले. त्या म्हणाल्या, ते स्वतःच गेले बुरूज गल्लीत, तू कुठं नेलंस.

साव्हियो आला. तांबडा रस्सा त्याला झेपला, फक्त नाक पुसत पुसत. त्याचं मराठी कोकणीच्या अंगानं चालायचं आणि पोरांना त्याचं हसू यायचं, पण पहिल्याच आठवड्यात त्यानं दादाला सांगून टाकलं की पोरं तू ओळखतोस, दमलेलं तुला आधी कळेल, मला सांगत जा. दादानं घरी कॅरम बोर्डाशेजारी एक वाटी ठेवली. तिच्यात बदली गड्यांच्या सोंगट्या असायच्या. आधी ती वाटी नव्हती.

पहिलीच मोठी मॅच बुरूज गल्लीशी पडली. हाफ टाइमला बरोबरी होती. त्यानंतर बुरूजची पोरं पुन्हा पुन्हा आमच्या डावीकडून येऊ लागली आणि ओंकार गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. त्यानं मान वळवून बाकाकडं बघितलं. दादा आधीच उभा होता. तो साव्हियोच्या कानात काही बोलला, साव्हियोनं मान हलवली, आणि बदली गडी आत गेला. ओंकार बाहेर आला तेव्हा दादानं त्याच्या खांद्यांवर टॉवेल टाकला आणि त्याला आपल्या शेजारी बसवून घेतलं. मी स्टँडमध्ये उभी राहून एकटीच टाळ्या वाजवत होते. आजूबाजूचे माझ्याकडं बघत होते, कारण गोल झालाच नव्हता.

झाला तो शेवटी, बुरूजचा. कॉर्नरवरून, आमच्या उजव्या बाजूनं. आम्ही हरलो.

तालमीपाशी येऊन सगळ्यांनी नळावर पाय धुतले. नियाजभाईंनी उंबऱ्याबाहेर थांबून बोट बटणाकडं नेलं. साव्हियोनं विचारलं, काय करतात ते. त्याला सांगेपर्यंत दादानं नियाजभाईंचा हात धरला होता.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "आत घेऊन या ती."

हिंदूराव पुटपुटले, पण आडवे आले नाहीत. आमच्या तालमीत आलेला तो पहिला पराभव.

दुसऱ्या दिवशी सकाळी संपत वाईंगडेनं ठरल्याप्रमाणं त्यांच्याकडची मॅच पाठवली. दादानं मला बोलावून घेतलं. आम्ही कॅरम बोर्डापाशी बसून बघायला लागलो. हाफ टाइमनंतर संपतचा तोच खणखणीत आवाज आला. "डावीकडनंच घाला, डावीकडनं." ओंकार वाकला. बदली गडी धावत आत आला. मग संपत म्हणाला, "थांबा. दिनकरनं गडी बदलला. आता डावीकडनं काय खरं न्हाई. दुसरी वाट काढा."

दादानं मॅच मागं नेली आणि तेवढंच पुन्हा लावलं. मग पुन्हा.

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "हरलेली मॅच अशी किती येळा बघायची ती?"

"हरलेली हाय व्हय ही?" दादा म्हणाला, आणि त्यानं आवाज थोडा वाढवला.